अर्ध्या वजनाची जागा

त्या खोलीत आम्ही सगळे पीएचडी झालेले होतो आणि मीटिंग संपली तेव्हा चौघांच्या अंगावर रक्त होतं. त्यातलं थोडं माझं, थोडं मी काढलेलं. विद्यापीठात माणसं हळू आवाजात बोलतात आणि अधूनमधून चष्मे पुसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा फेलोशिपच्या वाटपाला येऊन बसावं. येताना हेल्मेट घालून यावं.

मी तत्त्वज्ञान विभागाची प्रमुख. प्रमुख म्हणायचं आपलं! शिकवणाऱ्या आम्ही दोघी आणि पीएचडीला एकच पोरगी. तिला मी खडू म्हणते. फळ्यावर तर्कशास्त्राची चिन्हं लिहिता लिहिता तिचे हात, नाक, केस, सगळं पांढरं झालेलं असायचं. पहिल्या वर्षी आली तेव्हा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता. काय झालं विचारलं तर म्हणाली, "जिन्यावरून पडले." मग मी फळा पुसायला डस्टर उचललं आणि पहिल्या बाकावरच्या या पोरीने चटकन हात तोंडावर आडवा धरला. जिना कसला नि काय, मला कळायचं ते कळलं.

पुढे हळूहळू तिनेच सांगितलं. आधी बाप मारायचा. बाप थकला तसा दादा मारायला लागला. दादाचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं आणि गॅरेजातल्या भागीदाराशी हिचं लग्न लावायचं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. फेलोशिप मिळाली म्हणून हिला हॉस्टेलची खोली मिळाली, आणि त्या खोलीच्या दाराला आतून कडी होती. नियम साधा होता. फेलोशिप आहे तोवर खोली, फेलोशिप गेली की सामान बाहेर. म्हणजे दादाच्या दारात.

माझ्यासमोर न दचकायला तिला दोन वर्षं लागली. मी बोलताना हातवारे फार करते, आणि आवाज तर काय विचारूच नका. एक दिवस तिच्याशी तावातावाने भांडता भांडता मी तिच्या डोक्यावरून हात नेऊन कपाटातलं पुस्तक ओढलं, आणि ती आपली लिहीतच राहिली. मानसुद्धा वर केली नाही. मला इतका आनंद झाला की घरी गेल्या गेल्या मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे दातांचे डॉक्टर. म्हणाले, "माझ्या खुर्चीत बसलेला माणूस झोपून जातो ना, तेव्हा मला असंच वाटतं."

आता वाटपाचं सांगते. सगळ्या विभागांना मिळून दर वर्षी नव्याने फेलोशिपच्या जागा येतात, जुने विद्यार्थीही त्यातच, आणि डीनसाहेबांसमोर आम्ही प्रमुख मंडळी त्या वाटून घेतो. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला वजन लावलेलं असतं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचं दीड, बाकीच्यांचं एक, आणि ज्यांना वही-पेनाखेरीज काही लागत नाही त्यांचं अर्धं. आमच्या खडूचं वजन अर्धं. मी दर वर्षी घसा फोडून सांगते, अहो, ही फेलोशिप यंत्राला नाही, पोटाला आहे! यंत्रांचे पैसे वेगळे येतात. केमिस्ट्रीच्या पोराला काय दीड पोट असतं? माझ्या पोरीने काय एक दिवसाआड जेवायचं? यावर सगळे हसतात, चहा घेतात, आणि वजन जिथल्या तिथे राहतं.

आणि हे सगळं बसून. कारण आमच्याकडे एक नियम आहे, जो मला वाटतं जगात दुसरीकडे कुठे नसेल. पूर्वी एका प्रमुखांनी ऐन वाटपात बाहेर जाऊन फोन घेतला, परत आल्यावर "माझ्यामागे झालेलं वाटप मला मान्य नाही" म्हणून कोर्टात गेले, आणि एक पूर्ण वर्ष कुणालाच फेलोशिप मिळाली नाही. तेव्हापासून ठरलं. वाटप सुरू झाल्यावर ज्याची खुर्ची रिकामी, त्या विभागाने हक्क सोडला असं धरायचं आणि त्याच्या जागा बाकीच्यांत वाटायच्या. नियम करताना हेतू चांगलाच होता. पण माणसाची जात! दुसऱ्याच वर्षापासून लोक एकमेकांना खुर्चीवरून उठवायच्या मागे लागले. सकाळपासून पाणी न पिता यायचं, हे ठरलेलंच. गेल्या वर्षी पॉलिटिकल सायन्सचे सर खाली पडलेलं पेन घ्यायला वाकले आणि शेजारच्याने त्यांच्या बुडाखालची खुर्ची ओढली. सर कंबरेवर आपटले. स्ट्रेचरवरून बाहेर नेताना ते ओरडत होते, "मी उठलो नाही, मी पडलोय!" पण खुर्ची रिकामी ती रिकामीच. त्यांच्या दोन्ही जागा गेल्या.

या वर्षी वरूनच जागा निम्म्यावर आल्या. म्हणजे काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. माझ्या उजवीकडे फिजिक्सचे प्रमुख, ज्यांना आम्ही बुलडोझर म्हणतो, कारण ते दारातून आडवे आत येतात. डावीकडे बॉटनीचे काडी सर. नावाप्रमाणेच अंगाने, मिशीही काडीएवढीच, आवाज तर खिशातून आल्यासारखा. त्यांच्याकडेही पीएचडीला एकच मुलगा उरला होता, शेवाळावर काम करणारा. त्याची बायको गरोदर होती. मीटिंगच्या आधी काडी सर माझ्याजवळ येऊन म्हणाले होते, "बाई, आपण दोघं छोटे. एकमेकांना धरून राहू." मी म्हटलं, राहू की!

खोली लांबट, टेबल लाकडी, वर काच. खुर्च्या जड सागवानी, पण जुन्या झालेल्या, सांधे ढिले. खडू बाहेर पॅसेजमधल्या बाकावर बसली होती. तिला म्हटलं होतं, हॉस्टेलवर जा. म्हणाली, "खोलीत बसवत नाही, बाई." दार लावताना मी तिला अंगठा दाखवला.

वाटप सुरू झालं तसं टेबलाखाली पायांचं सुरू झालं. बुलडोझरने पहिल्यांदा माझ्या खुर्चीच्या पायाला लाथ घातली. मी त्यांच्या बुटावर माझी टाच रोवली आणि अंगातला सगळा जोर देऊन फिरवली. ते "आईऽऽ" करून ओरडले, पण उठले नाहीत. वर चर्चा चालू! इकॉनॉमिक्सचे सर म्हणत होते की तत्त्वज्ञानाला या वर्षी शून्य दिलं तरी कुणाचं काही अडणार नाही. मी म्हटलं, "तुमचं तर शून्यावरच सगळं चाललंय इतकी वर्षं." त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्या तोंडावर रिकामा केला. ग्लास त्यांच्या हातून सुटला की त्यांनी सोडला ते देव जाणे, माझ्या भुवईवर लागला आणि रक्त डोळ्यात उतरलं. मी पदर लावला आणि बसून राहिले. केमिस्ट्रीच्या बाईंनी शेजारच्या झुऑलॉजीच्या सरांच्या मांडीत पेन खुपसलं होतं, ते त्यांनी तिकडून उपसून त्यांच्याच हातात खुपसलं. डीनसाहेब म्हणत होते, "शांततेत घ्या, शांततेत घ्या," आणि स्वतःचा फाइलींचा गठ्ठा छातीशी धरून बसले होते.

अशात बुलडोझरने मला कोपराने बरगडीत असं हाणलं की श्वासच बंद झाला. मी कलंडले. अर्धी खुर्चीबाहेर गेले होते. तेवढ्यात डावीकडून काडी सरांनी माझा दंड धरला आणि मला आत ओढून बसवलं. स्वतःची खुर्ची न सोडता. त्या काडीत एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

शेवटी माझी जागा राहिली. एक. काडी सरांचीही एक. डीनसाहेबांनी दोन्ही लिहिल्या, सही करायची बाकी होती, आणि मधल्या चारदोन विभागांचं तेवढं मिटायचं होतं. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

तेव्हा बाहेर खडू किंचाळली.

पहिल्यांदा नुसती किंचाळी, मग, "दादा, नको! दादा, हात सोड!" मग बाक पडल्याचा आवाज आणि डोकं भिंतीवर आपटल्याचा. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. तिने आईला फोनवर सांगितलं होतं की आज ठरणार आहे. आई काय पोटात ठेवणार? दादा निकालाची वाट बघायला आला होता आणि त्याला वाट बघवली नव्हती. तो ओरडत होता, "तुझ्या त्या बाईच्याने काही होणार नाही! चल म्हटलं ना, चल!" आणि प्रत्येक "चल"ला एक ठोसा पडत होता, स्पष्ट ऐकू येत होता.

खोलीतलं कुणीही हललं नाही.

मी प्रत्येकाचं तोंड बघितलंय. इकॉनॉमिक्सच्या सरांनी कागदावर मान घातली. केमिस्ट्रीच्या बाईंनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बुलडोझर, जो एका फुंकरीत त्या दादाला जिन्याखाली उडवू शकला असता, तो छताकडे बघत होता. डीनसाहेब उठले तर मीटिंगच मोडते, म्हणून तेही बसून, फोनवर सिक्युरिटीचा नंबर फिरवत होते आणि तिकडे कुणी उचलत नव्हतं. "कोणीतरी बघा ना बाहेर," ते म्हणाले. कोणीतरी! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले की एक जागा मोकळी होणार होती ना. लाळ गळत होती त्यांच्या डोळ्यांतून, शपथ सांगते.

उठले तर पोरीची खोली गेली, ती दादाच्या दारात. बसले तर दादा इथेच तिचं काय ते करून टाकणार. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं मी, पण हे कोडं सोडवायला डोकं चाललंच नाही. हात चालले. मी उठले, माझीच खुर्ची पाठीकडून धरली आणि ती घेऊन दार लाथेने उघडलं.

खडू जमिनीवर होती. तोंड रक्ताने भरलेलं. दादा तिच्या केसांना धरून तिला जिन्याकडे ओढत होता. खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. तो गुडघ्यावर आला, वळला आणि त्याने माझी खुर्ची एका हाताने हिसकून बाजूला फेकली. दुसऱ्या हाताचा ठोसा माझ्या कानावर बसला आणि सगळं सुन्न झालं. मी भिंतीला टेकले. तो माझ्यावर येणार तेवढ्यात त्याच्या पायाला काहीतरी येऊन चिकटलं.

काडी सर!

होय, तेही उठले होते. त्या सबंध खोलीतून माझ्याखेरीज उठलेला एकटा माणूस. दादाच्या दोन्ही पायांना मिठी मारून, डोळे मिटून, ते जमिनीवर पडले होते. दादाने वाकून कोपराने त्यांच्या तोंडावर एक हाणली, दुसरी हाणली, ओठ फाटला, पण मिठी सुटली नाही. मी खुर्ची पुन्हा उचलली आणि या वेळी खांद्यावर घातली, तशी तिचे सांधे निघाले आणि एक पाय माझ्या हातात राहिला. मग मी पायानेच मारलं. किती मारलं ते सांगत नाही. मला थांबावंसं वाटत नव्हतं, हे मात्र सांगते. दादा आडवा झाला तेव्हा आम्ही खडूला दोन्ही बाजूंनी धरलं आणि खोलीत ओढत आणलं. तो उठून दारावर धडका द्यायला लागायच्या आत खडूने आतून कडी लावली. तिला बिचारीला कड्या लावायची सवय होती.

टेबलाभोवती सगळे जिथल्या तिथे होते. डीनसाहेब खाली बघत म्हणाले, "तुम्ही दोघं खुर्चीवर नव्हतात, बाई. नियमाप्रमाणे वाटप झालं. एक जागा फिजिक्सला गेली, एक इकॉनॉमिक्सला."

"कधी?" मी विचारलं.

"तुम्ही बाहेर असताना."

ती पोरगी बाहेर मार खात होती आणि हे वाटत होते. माझ्या हातात खुर्चीचा पाय होता. तो मी टेबलावर आपटला. वरची काच फुटून डीनसाहेबांच्या मांडीपर्यंत उडाली. दुसऱ्या फटक्यात बुलडोझरचा लॅपटॉप गेला. ते उठायला लागले आणि अर्ध्यातूनच परत बसले, कारण खुर्ची! मला हसू आलं त्या परिस्थितीत. "नालायकांनो," मी म्हटलं, "आता तिसरा फटका कुणाच्या डोक्यात घालू ते तुम्हीच सांगा, बसल्या बसल्या मत द्या!" दारावर दादाच्या धडका चालू होत्या, इकडे मी. डीनसाहेब पांढरेफटक पडले. म्हणाले, "थांबा, थांबा. इकॉनॉमिक्सची एक मी परत घेतो. माझ्या अधिकारात तेवढंच बसतं. पण एकच. तुम्ही दोघं उठलात, तुम्ही दोघं आपसात ठरवा."

इकॉनॉमिक्सचे सर काहीतरी पुटपुटले. मी खुर्चीचा पाय उचलून दाखवला तसे गप्प बसले.

मी काडी सरांकडे बघितलं. ओठ लोंबत होता, शर्ट लाल. समोरचा एक दात हलत होता, तो ते जिभेने चाचपत होते. त्यांनी पुढे होऊन डीनसाहेबांचा कागद दोन्ही हातांनी धरला. ओढला नाही, नुसता धरून ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "चिठ्ठी टाकू. माझ्या मुलाची बायको आठव्या महिन्यात आहे. चिठ्ठी टाकू, जे निघेल ते मला मान्य."

काय चूक होतं त्यांचं? काहीच नाही. मला तेव्हाही कळत होतं. पण चिठ्ठीत दोन नावं असतात, आणि दारापलीकडे दादा होता. मी म्हटलं, "कागद सोडा, सर."

"चिठ्ठी तरी..."

मी डाव्या हाताने त्यांची कॉलर धरली आणि उजव्याने थोबाडीत मारली. खुर्चीच्या पायाने नाही, हाताने. पण पूर्ण जोराने.

मागून खडू म्हणाली, "बाई, बास."

त्यांनी कागद सोडला नाही. मी दुसरी मारली. दात टेबलावर पडला, फुटलेल्या काचांत. दादाने हलवला होता, मी पाडला.

"बाई, बास ना!" खडू रडत म्हणाली. "बास!"

मी तिसऱ्यांदा हात उचलला. काडी सरांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि बोटं सोडली. मी डीनसाहेबांना म्हटलं, "लिहा. तत्त्वज्ञान, एक." त्यांनी लिहिलं. सही केली. त्यानंतर कुठे सिक्युरिटीवाले आले आणि दादाला घेऊन गेले. पोलिसांत तक्रार झाली, खडूनेच सही केली तिच्यावर. दादा परत फिरकलेला नाही. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं असं ऐकलं. मला त्याचं तसूभर वाईट वाटत नाही.

काडी सरांना संध्याकाळी मीच गाडीत घालून आमच्या ह्यांच्या दवाखान्यात नेलं. ह्यांनी टाके घातले, दाताचं माप घेतलं. "कसं झालं हे?" ह्यांनी विचारलं. काडी सर म्हणाले, "पडलो." मी तिथेच उभी होते. त्यांचा शेवाळवाला मुलगा महिनाअखेरीस खोली सोडून गेला. कुठल्याशा नर्सरीत कुंड्या भरायला लागलाय म्हणे. मुलगी झाली त्याला.

आणि कुणी विचारलं तर मी हेच सांगते, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मारीन. खोली राहिली, कडी राहिली, पोरगी जिवंत आहे, तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण माझ्या टेबलावर आहे. आणखी काय हवं?

काल ती ते प्रकरण घेऊन आली होती. नेहमीच्या जागी बसली, हातांना खडू, नाकाला खडू. तर्कातल्या एका पायरीवरून आमचं जुंपलं. पूर्वीसारखंच जुंपलं, मला बरं वाटलं. मी म्हटलं, "थांब, पुस्तकातच दाखवते तुला," आणि तिच्या डोक्यावरून कपाटाकडे हात नेला.

तिने चटकन हात तोंडावर आडवा धरला.

मग लगेच खाली घेतला, कागद सारखे केले आणि म्हणाली, "सॉरी, बाई. दाखवा ना." माझा हात वरच राहिला होता. पुस्तक काढायचं होतं, पण कोणतं ते आठवेना, आणि हात खाली घ्यायची मला भीती वाटायला लागली.